ॲक्सेसिबिलिटीची चाचणी शेवटच्या आठवड्यात कशासाठी?

सातपूरचा टेस्टर
अंबडच्या एका उद्योजक सदस्यांनी परवा येथे लिहिले, की ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे वेबसाइट आणि ॲप दिव्यांगांनाही वापरता येणे, ही मोठ्या कंपन्यांची चैन असून लहान कंपनीने ती रिलीजच्या आधी, वेळ उरलाच तर, एकदा पाहून घ्यावी. हे मत मला मान्य नाही. शेवटी सापडणारा दोष बहुधा मुळातच रुतलेला असतो. तालुका निवडण्याची यादी सिलेक्ट या ब्राउझरच्या तयार घटकाऐवजी डिव्ह, म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकटी, रचून केली, तर ती माउसने उघडते, पण टॅब दाबत पुढे जाणाऱ्याला ती लागतच नाही. आणि तोच घटक डझनावारी पानांवर वापरून झाल्यावर ही गोष्ट कळून काय उपयोग? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील किमान ४.५ : १ हे प्रमाण डिझाइन मंजूर करतानाच पाहायचे असते, लेबल नसलेली फॉर्मची चौकट कोड मर्ज होण्याआधीच, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधीच, अडवायची असते, आणि ॲक्स-कोअरसारखे असे दोष शोधणारे मोफत साधन बिल्डमध्ये, म्हणजे कोडची जुळणी होते तिथेच, बसवले की यातले बरेच काम आपोआप होते. पाचशेच्या नोटेवरची बोटांना जाणवणारी खूण छपाईतच उमटते, ती मागाहून कोणी चिकटवत नाही, हे नाशिकरोडचा नोटांचा प्रेस जवळ असलेल्या आपल्याला तरी सांगावे लागू नये.

अंबडचा उद्योजक
चैन हा शब्द मी हिशेब करूनच वापरला होता. निविदेत ॲक्सेसिबिलिटीची एक ओळ असते, तिचे पैसे मात्र कोणी धरत नाही. शिवाय ही साधने फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे तो न दिसणाऱ्यासाठीचे वर्णन, आहे की नाही एवढेच पाहतात. तेथे नुसते फाइलचे नाव लिहिले तरी बहुतेक साधने ते चालवून घेतात. म्हणजे शेवटी माणूस लागतोच, आणि एनव्हीडीए हा पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सफाईने वापरणारा टेस्टर मला नाशिकमध्ये आजवर मिळालेला नाही. युरोपच्या ॲक्सेसिबिलिटीच्या ज्या कायद्याचे दाखले येथे सतत दिले जातात, त्यातही दहापेक्षा कमी माणसांच्या, मर्यादित उलाढालीच्या सेवा-कंपन्यांना सूट आहे.

पंचवटीची वाचक
'मिळालेला नाही' हे वाचून मला संताप आला. मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए रोज वापरते, ते मोफत आहे. येथील एका कंपनीत टेस्टरच्या जागेसाठी मी अर्ज भरायला बसले, तर शेवटी चित्रातील अक्षरे ओळखून लिहायची अट होती आणि ती ऐकण्याची सोय नव्हती. दार बंद ठेवायचे आणि कोणी आले नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?
आणि ॲपचे राहू द्या, आधी पीडीएफचे बोला. अजूनही जाहिराती जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टमध्ये, टाइप करून वेबसाइटवर टाकल्या जातात. तुम्हाला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते. माझा स्क्रीन रीडर रोमन अक्षरे आणि कंसांची निरर्थक माळ वाचतो.

गंगापूर रोड, डीटीपी
या फॉन्टना नावे ठेवणे सोपे आहे. माझे आयुष्य या कामात गेले. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारे अक्षरांचे प्रमाण संकेत, समजत नाहीत, गिऱ्हाइकाच्या जुन्या फाइली त्यातच आहेत, आणि संध्याकाळी चारला आलेली जाहिरात रात्री छापायची असते. युनिकोडमध्ये जोडाक्षरे मोडतात ती वेगळीच.

पंचवटीची वाचक
जोडाक्षरे मोडण्याचे दिवस केव्हाच गेले. छपाई तुम्ही कशातही करा, पण वेबवर टाकण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये बदलून द्या. तुमच्या सोयीची किंमत मी का मोजावी?

गंगापूर रोड, डीटीपी
बदलून देता येईल. मात्र र्‍हस्व-दीर्घ आणि रफार पुन्हा तपासावे लागतात, त्याची मजुरी कोणी देत नाही, हेही मान्य करा.

पंचवटीची वाचक
मजुरी मिळालीच पाहिजे, हे मान्य. ती गिऱ्हाइकाकडे मागा.

सातपूरचा टेस्टर
मूळ प्रश्नाकडे येऊ. युरोपचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे. सूट लहान कंपनीला असली, तरी तुमचे काम विकत घेणाऱ्या मोठ्या क्लायंटला ती नाही, त्यामुळे प्रश्न फिरून तुमच्याकडेच येणार. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, डोळे मिचकावून दाखवण्याच्या अटीमुळे ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्ती अडत होत्या. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. डोळे मिचकावण्याची ती अट कोणत्या साधनाने पकडली असती? एकही नाही. आराखड्याच्या बैठकीत एखादी दृष्टिहीन व्यक्ती असती, तर तिने ती पहिल्याच दिवशी पकडली असती.

अंबडचा उद्योजक
कायद्याचा धाक घालू नका, पगार मला द्यायचे असतात. तरीही यादीच्या घटकाबद्दलचे म्हणणे मला मान्य करावे लागते, कारण तसलीच दुरुस्ती आमच्याकडे सध्या चालू आहे आणि ती महाग पडते आहे. यापुढे कीबोर्डवर चालल्याशिवाय कोणताही घटक मर्ज होणार नाही. मात्र प्रत्येक स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या दर छोट्या टप्प्याला, माणसाकडून पूर्ण तपासणी करून घेणे मला परवडणार नाही.

पंचवटीची वाचक
प्रत्येक स्प्रिंटला नकोच. नवा फॉर्म किंवा लॉगिन आखताना बोलवा, कोड लिहिण्याआधी बोलवा, आणि दुसऱ्या कोणत्याही टेस्टरला द्याल तेवढे पैसे द्या.