ए-बी-सी तक्ता रोज भरूनही चिंता तशीच, चूक कुठे होते?

साडेआठची_फास्ट:
विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतला (आरईबीटी) ए-बी-सी तक्ता (ए म्हणजे घटना, बी म्हणजे तिच्याबद्दलची धारणा, सी म्हणजे परिणाम) दोन आठवडे रोज भरतोय. नमुना असा:
ए: लोकल 20 मिनिटं लेट, मीटिंग हुकणार.
बी: साहेब मला काढून टाकतील.
सी: चिंता, 100 पैकी 80.
खंडन: एका लेट मार्कवर कोणी काढत नाही.
पटतं, तरी आकडा 75 च्या खाली उतरत नाही. असं का?

गोल_च:
बी मध्ये लिहिलेलं वाक्य बी नाहीच. तो अंदाज आहे, त्याची जागा ए मध्ये. अंदाज खोडला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि कुर्ल्याच्या अलीकडे गाडी परत थांबली की नवा अंदाज तयार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनी 1955 च्या सुमारास ही पद्धत मांडली, त्यातली खुबी उलटी आहे. क्षणभर धरून चाला की खरंच काढलं. मग काय? जे उत्तर येईल तो बी. बहुधा असं काहीतरी निघेल: 'नोकरी टिकलीच पाहिजे. गेली तर संपलंच सगळं, मला सहनच होणार नाही, म्हणजे मी कुचकामीच.'

मराठीत एक सोय आहे, 'च' ला गोल करा. 'पाहिजे' ही इच्छा, 'पाहिजेच' हा हुकूम. (प्रत्येक 'च' गुन्हेगार नसतो, 'आजच फोन कर' मध्ये काही बिघडलेलं नाही.)

मग त्या हुकमाला तीन प्रश्न विचारा. मला हवं आहे म्हणून ते मिळालंच पाहिजे, हे कुठल्या तर्काने? जगात असा नियम कुठे दिसतो? आणि हे धरून बसल्याने माझं काम होतं की अडतं?

नव्या वाक्याला दोन्ही अर्धी हवीत. 'नोकरी टिकावी असं मला फार वाटतं' इथे थांबलात तर हुकूम मागच्या दाराने परत येतो. पुढे लिहा: 'पण टिकलीच पाहिजे असा नियम नाही. गेली तर हप्ते अडतील, खूप त्रास होईल, तरी सोसता येईल.'

चहा_कटिंग:
आकडा शून्यावर आणायचा नाहीये. चिंतेच्या जागी काळजी आली की झालं. चिंतेत माणूस एम-इंडिकेटर (लोकलच्या वेळा दाखवणारं ॲप) पाचव्यांदा उघडतो, काळजीत एक फोन करून उशीर कळवतो. म्हणून सी मध्ये भावनेबरोबर काय केलंत तेही लिहा. आकड्यापेक्षा ते जास्त सांगतं.

स्लो_ट्रॅक:
'पटतं पण हलत नाही' हे नेहमीचंच. वहीतलं वाक्य पुटपुटून चालत नाही, ठासून, मोठ्याने म्हणायचं. सोबत रोज 5-10 मिनिटं कल्पनाचित्र: डोळे मिटून मीटिंग हुकल्याचं बघा, चिंता चढू द्या, मग प्रसंग न बदलता ती काळजीवर आणा. प्रसंग बदललात (साहेब हसले वगैरे) तर सराव वाया. निदान तीनेक आठवडे करा.

'लोक काय म्हणतील' वाला हुकूम असेल तर एलिसचा लाज मोडायचा व्यायाम: डब्यात उभं राहून येणाऱ्या स्टेशनचं नाव मोठ्याने पुकारायचं. दारात लटकून नको.

गोल_च:
एक राहिलं. ऑफिसात छळ होत असेल तर नुसता बी घासत बसू नये, तक्रारही करावी. आणि झोप-जेवण उडालं असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

साडेआठची_फास्ट:
नवा बी: 'वेळेवर पोचायची फार इच्छा आहे, पण पोचलंच पाहिजे असं नाही. उशीर झाला तरी सगळं ठीकच होईल.'

गोल_च:
पहिलं वाक्य चोख. 'ठीकच' मधल्या 'च' ला गोल करा.