'झोळी' म्हणावं का? बाळ बांधून घ्यायच्या कापडाचे शब्द

गोधडी
कोथरूडमधल्या गर्भवतींच्या वर्गासाठी मराठी पत्रक तयार होतंय. विषय: बाळ अंगाशी बांधून घ्यायचं कापड. मूळ मजकुरात स्लिंग (एका खांद्यावरून घ्यायचं कापड), रॅप (गाठ मारून बांधायचं लांब कापड) आणि कॅरिअर (बक्कल-पट्ट्यांचा तयार प्रकार) असे तीन प्रकार आहेत. कच्च्या भाषांतरात तिन्हींना 'झोळी' आणि 'बेबीवेअरिंग'ला 'बाळ परिधान करणे' म्हटलंय. पुढे कडीच्या स्लिंगच्या 'टेल'चं 'शेपूट' आणि 'रेल'चा 'कठडा' झालाय. कोणते शब्द ठेवावेत?

निरी
'परिधान' आधी काढा. लुगडं नेसतात, झबलं घालतात, शाल पांघरतात, पागोटं बांधतात. बाळ मात्र आपण 'घेतो': कडेवर, खांद्यावर, मांडीवर, पाठुंगळीला. ही वापरणी जुनी आहे. जनाबाईंच्या 'विठू माझा लेकुरवाळा'मध्ये निवृत्ती खांद्यावर, गोरा कुंभार मांडीवर आणि बंका कडियेवर आहे. कापडाची मदत घेतली की 'बांधून घेणे' म्हणा. 'बाळ पाठुंगळीला बांधून घेतलं' हे कुणालाही कळतं.

'गुंडाळणे' टाळा, ते दुपट्याचं क्रियापद आहे. दुपट्यात पाय सरळ गुंडाळलेलं बाळ तसंच कापडात ठेवलं तर मांड्या फाकत नाहीत आणि खुब्यांना आधार मिळत नाही. पत्रकात 'गुंडाळा' वाचलं की नेमकं तेच केलं जाईल.

आडवा-उभा
'झोळी'ला माझा ठाम विरोध आहे, आणि तो फक्त भाषेचा नाही. शेताच्या बांधावर बाभळीच्या फांदीला बांधलेली झोळी दोन टोकांवर लोंबते. बाळ तिच्यात आडवं निजतं आणि कापड त्याच्या भाराने खोल जातं. झोळीत झोळ असणारच. अंगावर बांधायच्या कापडात तोच झोळ सर्वांत मोठा दोष आहे. पिशवीसारख्या खोल कापडात तान्हं बाळ अर्धवर्तुळासारखं वाकतं आणि हनुवटी छातीला टेकते. श्वासाची वाट अरुंद होते आणि त्याला रडून सांगताही येत नाही. नाक कापडात दाबलं जातं ते वेगळंच. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला, तो मुख्यतः ४ महिन्यांखालच्या बाळांसाठी होता. पत्रकात 'झोळी' लिहिलंत तर वाचणारी बाळाला आडवं निजवेल, कारण झोळीत बाळ निजवतात हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

माझी सूचना 'शेला'. लांब, अरुंद, खांद्यावरून घ्यायचं कापड. मेक्सिकोत रेबोझो आणि पूर्व आफ्रिकेत कांगा ही आधी कापडांची नावं आहेत, त्यांतच बाळ बांधतात. त्याच चालीवर रॅपच्या लांब कापडाला 'लांब शेला' आणि कड्या असलेल्या स्लिंगला 'कडीचा शेला' म्हणा. बक्कल-पट्ट्यांच्या तयार कॅरिअरला 'कॅरिअर'च राहू द्या.

गोधडी
शेला म्हटलं की लग्नातला जरीचा डोळ्यांपुढे येतो. 'बाळशेला' चालेल?

आडवा-उभा
चालेल. 'झोळ' शब्दही ठेवा, पण दोष म्हणून: 'झोळ राहू देऊ नका'.

पन्हा
भागांसाठी नवे शब्द घडवायची गरजच नाही, साडीचे आहेत. 'शेपूट' नको, पदर. 'कठडा' नको, काठ. रुंदीला पन्हा, खांद्यावरच्या घड्यांना निऱ्या. बाळाच्या बुडाखालच्या खोबणीला 'बैठक'.

हे शब्द वापरले की कृतीही नीट सांगता येते. कडीच्या शेल्याला साधारण २ मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर पन्ह्याचं सुती कापड लागतं. एका टोकाला निऱ्या घालून दोन कड्या पक्क्या शिवलेल्या असतात. दुसरं टोक म्हणजे पदर. त्याच्या बारीक निऱ्या करून तो दोन्ही कड्यांतून खालून वर काढायचा, मग वरच्या कडीवरून वळवून फक्त खालच्या कडीतून बाहेर घ्यायचा. कड्या सुरुवातीला खांद्याच्या पुढच्या बाजूला, उंच ठेवा. आवळताना त्या आपोआप खाली सरकतात आणि गळ्याच्या हाडाखाली येऊन थांबतात.

चूक होते ती आवळताना. अख्खा पदर एकदम ओढला की मधल्या निऱ्या ताणल्या जातात आणि दोन्ही काठ सैल राहतात. वरचा काठ सैल असेल तर बाळ मागे कलतं, खालचा सैल असेल तर बैठक सुटते. म्हणून एका हाताने बुडाखालून भार उचलायचा आणि दुसऱ्या हाताने पदराचा एकेक काठ ओढायचा. भार न उचलता ओढलं तर कापड कडीत अडकून बसतं. तरीही सरकत नसेल तर निऱ्या एकमेकींवर चढल्यात किंवा काठांची अदलाबदल झालीय. पदर काढून पुन्हा ओवा.

कड्या सांधा नसलेल्याच हव्यात, ॲल्युमिनियमच्या आणि आतून ७-८ सेंटिमीटरच्या. पडद्याच्या किंवा पर्सच्या कड्या घेऊ नका. त्यांच्या सांध्यावर कापड झिजतं, भाराने सांधा उघडूही शकतो.

निरी
'एम पोझिशन'साठी 'उकिडवं' लिहा. गुडघे बुडाच्या वर, पाठ किंचित गोल, कापड एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या लवणीपर्यंत. रोमन एम काढून दाखवण्यापेक्षा 'उकिडवं बसवा' लगेच समजतं. 'लवण' नव्या आयांना माहीत नसेल तर 'गुडघ्याच्या मागची खळगी' लिहा.

वयासाठीही आपल्याकडे नेमके शब्द आहेत. 'मान धरल्यावर' आणि 'बसतं झाल्यावर' हे महिन्यांपेक्षा खरे, कारण मुलं सारख्याच महिन्यात मान धरत नाहीत. मान धरेपर्यंत फक्त पुढे, पोटाशी, उभं. पाठुंगळीला मान पक्की झाल्यावर, आणि नवशिक्यांनी बसतं झाल्यावरच. होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडाचा शेला पाठुंगळीला कधीच नको, बाळ मागे झुकलं की कापड ताणून बाहेर येतं.

गोधडी
घरातली साडी वापरा, असं सांगावं का? आणि शेवटची गाठ कोणती?

आडवा-उभा
लांब शेला मध्यम बांध्याला साधारण ४.६ मीटर लागतो. सहावारी साडेपाच मीटर असते, त्यामुळे लांबी पुरते. अडचण पन्ह्याची आणि विणीची. साडीचा पन्हा सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे दुमडल्यावर जाड थर होतो आणि एकेक काठ आवळता येत नाही. जॉर्जेट, शिफॉन घसरतात. पातळ मलमलीची दोरी होऊन खांदा कापतो. शेल्यासाठी विणलेल्या कापडाची वीण तिरकी असते, ते उरेब, म्हणजे तिरक्या दिशेने थोडं ताणतं आणि बाळाच्या पाठीला धरून बसतं. जुनेर तर अजिबात नको. गोधडीला आणि दुपट्याला उत्तम, पण भाराखाली घडीवर विरतं.

गाठ दुहेरी, निरगाठ. सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते, आणि ते टोक मूलच ओढतं.

पन्हा
पुण्यात एक ओळ हवीच: 'दुचाकीवर बाळशेला वापरू नका.' ४ वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीत सेफ्टी हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. शेला म्हणजे हार्नेस नव्हे, म्हणून दोन्हींना 'पट्टा' म्हणू नका.

निरी
आणि 'स्लिंग' पूर्ण पुसू नका. लक्ष्मी रस्त्यावर शेला मागितला तर जरीचाच समोर येईल. पहिल्या उल्लेखात 'बाळशेला, म्हणजे दुकानात मिळणारी स्लिंग' लिहा, पुढे नुसतं 'शेला'.