१९४३ साली मुरगाव बंदरातून कॅनडाचे सैनिक घरी गेले होते का?

मुरगावकर:
नमस्कार मंडळी. आमचे आजोबा पोर्तुगीज राजवटीत मुरगाव बंदरात कामाला होते, ते सांगायचे की लढाई चालू असताना जपानची एक मोठी बोट धक्क्याला लागलेली आणि दुसरी एक पांढरी बोट आलेली, ह्या बोटीतली माणसं त्या बोटीत गेली आणि त्यात कॅनडाचे लोक पण होते. सध्या मी हाँगकाँगच्या लढाईबद्दल वाचतोय, तिथे कॅनडाचा ब्रिगेडिअर जॉन लॉसन लढता लढता मेला आणि त्याची माणसं जपान्यांच्या कैदेत गेली. तर गोव्यातून गेले ते हेच सैनिक का? आणि लॉसनबद्दल कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज लिहा, मराठीत काहीच सापडत नाही.

डिचोलीकर:
आजोबांनी सांगितलं ते खरं आहे, पण ते सैनिक नव्हते. जपानी बोट म्हणजे तेइया मारू, ही मूळची फ्रेंच प्रवासी बोट आरामिस. पांढरी ती स्वीडनची ग्रिप्सहोम, तिच्या अंगावर मोठ्या अक्षरात डिप्लोमॅट लिहिलेलं असायचं म्हणजे कोणी टॉर्पेडो मारू नये. पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून जागा गोवा ठरली. १९ ऑक्टोबर १९४३ ला अदलाबदल झाली, जपानच्या बाजूने दीड हजाराच्या आसपास माणसं आली, बहुतेक अमेरिकन आणि कॅनेडियन मिशनरी, शिक्षक, व्यापारी, बायकापोरं. बदल्यात अमेरिकेकडून जपानी लोक दिले. ही अदलाबदल नागरिकांची होती, लढाईत पकडलेल्या सैनिकांना त्यात जागाच नव्हती, ते १९४५ पर्यंत छावण्यांतच सडले.
पण एक गोष्ट मात्र गोव्यातून त्यांच्याकडे गेली. ग्रिप्सहोममधून रेडक्रॉसची औषधं आणि खाण्याची पार्सलं आलेली, ती इथेच तेइया मारूवर चढवली, जपानच्या ताब्यातल्या कैद्यांसाठी.

पेडण्याचा निवृत्त सुभेदार:
बाळा, लॉसनबद्दल मी बरंच वाचलंय, थोडं सविस्तर लिहितो. हा रॉयल कॅनेडियन रेजिमेंटचा, म्हणजे पायदळाचा पक्का माणूस, पहिलं महायुद्ध लढलेला, १९४१ मध्ये ओटावाला सैनिकी प्रशिक्षणाचा संचालक होता. त्याच्याच खात्याने पलटणींच्या याद्या केलेल्या, कोण लढायला तयार आहे आणि कोण नाही, आणि विनिपेग ग्रेनेडिअर्स आणि रॉयल रायफल्स ह्या दोन्ही पलटणी शेवटच्या वर्गात टाकलेल्या, प्रशिक्षण अपुरं, लढाईवर पाठवू नये असा. एक जमैकात पहारा करून आलेली, दुसरी न्यूफाउंडलंडला. आणि सरकारने नेमक्या ह्याच दोन हाँगकाँगला पाठवल्या आणि त्यांचं नेतृत्व लॉसनलाच दिलं! मी स्वतः पलटणीत नवीन पोरं घडवली आहेत, अर्धवट शिकलेली पोरं पुढे घेऊन जाणं म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको, आणि ह्या निर्णयाबद्दल अजून राग येतो मला. १९४२ मध्ये चौकशी आयोग बसला, त्याने वरच्यांना जवळजवळ निर्दोषच सोडलं.
२७ ऑक्टोबर १९४१ ला व्हँकुव्हरहून निघाले, सगळे मिळून १९७५ जण, १६ नोव्हेंबरला पोचले. त्यांच्या गाड्या दुसऱ्या बोटीवर होत्या, २१२ गाड्या, त्या हाँगकाँगला पोचल्याच नाहीत, मनिलाला गेल्या. म्हणजे डोंगराळ बेटावर दारूगोळा न्यायला स्वतःचं वाहन नाही. जेमतेम तीन आठवडे झाले तोच ८ डिसेंबरला जपानचा हल्ला.
१८ च्या रात्री जपानी बेटावर उतरले. किनाऱ्यावर पहिला मार आपल्या ५/७ राजपूतने (सातव्या राजपूत रेजिमेंटची पाचवी पलटण) झेलला, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. लॉसनकडे वेस्ट ब्रिगेड होती, त्यात आपली २/१४ पंजाब (चौदाव्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण) पण होती. त्याचं ठाणं वाँग नाय चाँग खिंडीत, बेटाच्या मधोमध, सगळा रस्ता तिथूनच जातो. १९ च्या सकाळी दहाच्या सुमारास ठाण्याला वेढा पडला, शत्रू अगदी जवळून गोळ्या घालत होता, तेव्हा त्याने वर निरोप दिला की मी बाहेर जाऊन लढतोय. बाहेर पडला आणि मारला गेला. ग्रेनेडिअर्सची डी कंपनी तिथेच २२ च्या सकाळपर्यंत टिकली, दारूगोळा आणि पाणी संपेपर्यंत. ज्यांना लढाईला नालायक म्हटलेलं तीच पोरं ही.

मुरगावकर:
काका, खूप आभार. एका ठिकाणी वाचलं की दोन्ही हातात पिस्तूल घेऊन बाहेर पडला, खरं का?

पेडण्याचा निवृत्त सुभेदार:
ते सगळीकडे लिहितात, पण मी त्यावर भर देणार नाही. निरोप दिला आणि ठाण्याबाहेर मेला एवढं पक्कं आहे, तेवढं पुरे आहे. जपानी कर्नल शोजीने त्याचं शरीर ब्लँकेटमध्ये गुंडाळून तिथेच पुरायला सांगितलं, हे शोजीने युद्धानंतर स्वतः सांगितलंय. आता कबर हाँगकाँगच्याच साय वान वॉर सेमेटरीत आहे.

फोंड्याची नर्स:
डिचोलीकर, एक भर घालते. लॉसनच्या तुकडीतल्या दोघी मात्र गोव्यातूनच घरी गेल्या, के क्रिस्टी आणि मे वॉटर्स, कॅनडाच्या सैन्यातल्या नर्सेस. लढाईत हॉस्पिटलात जखमी सांभाळले, मग हाँगकाँगमधल्याच स्टॅनलीच्या छावणीत नागरिकांबरोबर ठेवल्या, त्यामुळे अदलाबदलीत त्यांना जागा मिळाली. १ डिसेंबरला ग्रिप्सहोम न्यूयॉर्कला लागली. त्यांच्या पेशंटांपैकी कित्येकांना तोपर्यंत जपानला मजुरीला नेलेलं, खाणीत आणि गोदीत. शेवटी त्या १९७५ जणांमधले साडेपाचशेहून जास्त परत आले नाहीत, त्यातले जवळजवळ निम्मे कैदेत गेले, भूक आणि आजारपणाने. ग्रेनेडिअर्सचा कर्नल सटक्लिफ तर एप्रिल १९४२ मध्येच कैदेत वारला. औषध समोर नसताना पेशंट हातातून जाणं मी पाहिलंय, म्हणून पार्सलांचं वाचून गलबलून आलं.

डिचोलीकर:
ताई, हे दोघींचं माहीत नव्हतं, धन्यवाद. मुरगावकर, दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या सर्व्हिस फाइल्स कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने खुल्या केल्यात, नावाने शोधता येतं. आणि आजोबांनी जे जे सांगितलेलं ते लिहून काढा, पणजीच्या अभिलेखागारात बंदराचे त्या काळचे कागद बघायला जाणार असाल तर मी येतो, पोर्तुगीज थोडंफार वाचता येतं मला.