सातबाऱ्यावर 'पाटील', घरात सांगतात 'मूळचे पवार'. काय धरायचं?

माढेकर
नमस्कार मंडळी. माढा तालुक्यातलं घर. आजोबांपासून ऐकत आलोय की आपण धारचे पवार, पानिपतानंतर इकडं आलो आणि गावची पाटीलकी मिळाली. वंशावळ छापायची आहे. भावकी म्हणते, सगळ्या गावाला माहीत आहे, कागद कशाला? हाताशी 1930 च्या सुमाराचा वारसाचा एक फेरफार आहे. मागं कसं जायचं?

दप्तरी
आधी त्या सांगण्याचे तुकडे करा. 'पवार', 'धारहून', 'पानिपतानंतर', 'पाटीलकी मिळाली' ही चार वेगळी विधानं आहेत. एक खरं निघालं म्हणून बाकीची तीन खरी होत नाहीत. आणि शोध स्वतःपासून मागं न्या, धारपासून पुढं आणू नका. राणोजी, सुभानजी घरोघर होते. मोठ्या घराण्याच्या वंशावळीत आपल्याला हवं ते नाव सापडतंच.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफारांच्या नकला काढा, सोबत कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंदवही. भूमी अभिलेख कार्यालयात जुनं शेतवार पत्रक मागा. पाटीलकी वतनी होती म्हणता, तर 1874 च्या वतन कायद्याखालची नोंदवही चुकवू नका. तक्षिमदार, म्हणजे वतनातले वाटेकरी, कोण आणि त्यांचं नातं काय, हे तिथं कळतं. माढ्याला हे चालेल. गाव अक्कलकोट संस्थानातलं किंवा सांगलीकरांच्या मंगळवेढ्यातलं असतं, तर संस्थानी दप्तर वेगळं शोधावं लागलं असतं.

मोडीवाला
इंग्रजी अमलाच्या मागं जायचं तर पुण्याचं पेशवे दप्तर. तालुक्याच्या नावावर जाऊ नका, त्या काळचा परगणा आधी ठरवा.

तिथं आडनाव मिळेलच असं नाही. कागदात 'राणोजी बिन सुभानजी पाटील मोकदम मौजे मजकूर' असं येतं. यात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'पाटील मोकदम' हा हुद्दा, 'मौजे मजकूर' म्हणजे वर उल्लेखलेलं गाव. (मजकूर हे आडनाव समजून वंशावळीत घालणारेही भेटतात!) तेव्हा 'पवार' दिसलं नाही म्हणून परंपरा खोटी ठरत नाही, ती फक्त सिद्ध होत नाही.

'पानिपतानंतर' मात्र तपासता येतं. पानिपत 14 जानेवारी 1761 चं, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरच्या कालगणनेत शुहूर सन 1161, कागदावर अक्षरी 'इहिदे सितैन मया व अलफ'. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं. मृग ते डिसेंबर 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. याआधीच्या कागदात तुमच्याच घराकडं पाटीलकी दिसली, तर ते विधान गळालं. 'मया' म्हणजे शंभर, 'मयातैन' म्हणजे दोनशे. घाईत वाचलं की घराणं शंभर वर्षं इकडं तिकडं होतं.

दप्तरी
भर घालतो. वतनाच्या तंट्यातला महजर, म्हणजे पंचांपुढचं निवाडापत्र, सापडला तर आनंदानं उड्या मारू नका. त्यातला करीना म्हणजे वादी-प्रतिवादींनी सांगितलेली आपापली हकिकत. ती लिहिलेली परंपराच, आणि तीही वतन जिंकायला सांगितलेली. इनामांच्या चौकशीसाठी इंग्रजांनी नेमलेल्या इनाम कमिशनपुढच्या कैफियतींचं तेच. पंचांची नावं, निवाडा, पुढं वतन कोणी उपभोगलं, यावर जास्त भरवसा ठेवा. पाटीलकी 'मिळाली' हेही बघा; विकत घेतल्याची खरेदीखतं कमी नाहीत.

शीतल_सोलापूर
पंढरपूर, तुळजापूरच्या उपाध्यांच्या वह्या राहिल्या की! आडनावाबरोबर गावाचं नावही सांगा. पूर्वजाची सही आणि तिथी असेल तो लेख उत्तम. पण वही जीर्ण झाली की नवी उतरवतात, आणि उतरवताना पणजोबाच्या नावापुढं नातवाचं आडनाव बसतं. म्हणून शाई, अक्षर, पान बघून घ्या. तुळजाभवानी कुलस्वामिनी आहे हा पुरावा कुणी पुढं केला तर सोडून द्या, ती अर्ध्या जिल्ह्याची आहे.

माढेकर
घरच्या यादीत पानिपतापासून माझ्यापर्यंत सहाच नावं आहेत.

मोडीवाला
एका पिढीला 25 ते 30 वर्षं धरली तर नऊ-दहा हवीत दादा. तीन-चार नावं गळालीत, किंवा घराणं पानिपताइतकं जुनं इथं नाही. छापताना कागदाची नावं ठळक रेघेनं जोडा, ऐकीव नावं तुटक रेघेनं. 'पवार' हे तळटीपेत 'घरची परंपरा' म्हणून द्या, कुणी सांगितलं त्याच्या नावासह.