मदत हवी आहे: सिल्कीच्या पिल्लांना साधी पिसं फुटली, मी फसले का?

नमस्कार मंडळी,

धायरीत आमचं रो हाउस आहे, मागे जेमतेम दहा बाय पंधराचं अंगण. ज्येष्ठात तिथे पांढऱ्या सिल्की जातीच्या कोंबडा-कोंबडीची जोडी आणली. किंमत ऐकून आईनं कपाळाला हात लावला होता, म्हणून आकडा इथेही लिहीत नाही. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, चालता कापसाचा बोळा. अंगावर पिसांऐवजी मांजरासारखी लव, डोक्यावर झुपका, कानाच्या पाळ्या निळसर, पायाला चाराच्या जागी पाच बोटं. लव बाजूला सारली की खाली कातडी काळी.

आणल्यावर चौथ्याच दिवशी कोंबडीनं अंडं दिलं. पुढच्या तेरा दिवसांत सात झाली आणि बाई खुडूक बसल्या. मी अंडी काढली नाहीत, फक्त प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घातली. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. एक अंडं रिकामं होतं, एकातलं पिल्लू आतच गेलं. पहिले दोन आठवडे पाचही सारखीच दिसत होती, नुसते लोकरीचे गोळे. आज ती २४ दिवसांची आहेत आणि दोघांना आईसारखी लव आहे. उरलेल्या तिघांना मात्र चक्क साधी, चपटी पिसं फुटलीत, कुठल्याही गावरान पिल्लासारखी.

माझ्या शंका अशा:

ज्याच्याकडून जोडी घेतली त्यानं कोंबडा भेसळीचा दिला का? दिसायला तरी तो अस्सल आहे. की शेजारच्यांचा गावरान कोंबडा कुंपणावरून आला? तो येतो, हे मी स्वतः पाहिलंय, पण शेजाऱ्यांशी भांडायला जाण्याआधी खात्री करायची आहे. आणि या तिघांचं काय करू?

शिवाय पाऊस. कोंबडी भिजली की ओल्या बोळ्यासारखी होऊन थरथरते. तुम्ही लोक श्रावणात काय करता?

कृपया 'कापून खा' असा सल्ला देऊ नये.

मुळशीकर:
खायचा सल्ला देणार होतो, तो मागे घेतो.

पावसाचं आधी सांगतो, कारण पिसांच्या भानगडीपेक्षा ते तातडीचं आहे. साध्या कोंबडीच्या पिसाचे तंतू एकमेकांत बारीक आकड्यांनी अडकलेले असतात, म्हणून पाणी वरून ओघळतं. सिल्कीच्या पिसाला ते आकडेच नाहीत, पाणी थेट कातडीपर्यंत जातं. त्यामुळे पावसात तिला मोकळी सोडायचीच नाही. भिजली तर टॉवेलनं पुसा आणि हेअर ड्रायर लावा, हसू नका. खुराड्यात भाताचं तूस चांगलं चार बोटं घाला, ओलं झालेलं रोज काढा. ओल्या तुसावर पिल्लांना रक्ती हगवण लागते, आणि ती लागली की दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसली किंवा विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बसायची दांडी उंच लावू नका. हिला उडता येत नाही, वीतभर उंचीची फळी पुरे. डोळ्यांवरचा झुपका कातरा, नाहीतर बिचारीला दाणे दिसत नाहीत.

झुपकेवाली (धागाकर्ती):
काका, ड्रायरवरून घरात आधीच बोलणी खाल्लीत. झुपका आज कातरते.

जनुकवेडा:
ताई, तुमचा कोंबडा अस्सल आहे असं धरून चालू. सिल्कीची लव हा अप्रभावी गुण आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही लवेचं जनुक आलं तरच पिल्लाला लव येते. दोन सिल्कींची सगळी पिल्लं सिल्कीच निघणार, त्यात दुसरं काही शक्यच नाही. त्यामुळे त्या तिघांचा बाप तुमचा कोंबडा नाही. फसवणूक आहे की नाही हे नंतर बघू, आधी बाप शोधू.

दोन गोष्टी सांगा. एक, त्या तिघांना पायाची बोटं किती आणि कातडी कुठल्या रंगाची? दोन, शेजारच्या कोंबड्याचे पाय कुठल्या रंगाचे?

झुपकेवाली:
आत्ताच बॅटरी घेऊन मोजून आले. तिघांनाही पाच बोटं. कातडी, चोच, पाय सगळं काजळासारखं. शेजारचा कोंबडा कुंपणावर होताच, त्याचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत.

जनुकवेडा:
मग शेजारी सुटले. भांडू नका.

पाचवं बोट प्रभावी गुण आहे, ते नुसत्या आईकडूनही येतं, त्यावरून काही ठरत नाही. खरी खूण काळेपणाची. काळ्या कातडीचा गुणही प्रभावी, पण त्याला दाबणारं एक जनुक असतं आणि ते लिंगगुणसूत्रावर बसलेलं असतं. पिवळ्या पायांच्या कोंबड्याकडे सहसा ते असतंच. सिल्की कोंबडीवर असा कोंबडा गेला की पिल्लं फिकी निघतात, काजळासारखी नाही. बेटसन आणि पनेट या इंग्लिश जनुकशास्त्रज्ञांनी १९११ साली सिल्कीच्या याच रंगावर निबंध छापला होता, कोंबडा कुठल्या बाजूचा आणि कोंबडी कुठल्या बाजूची यावर पिल्लांचा रंग कसा बदलतो ते त्यात आहे. शंभर वर्षं जुना असला तरी धायरीत लागू पडतो.

म्हणजे बाप साध्या पिसांचा, पण कातडीनं काळा. आपल्याकडे असा एकच ठळक उमेदवार आहे, कडकनाथ. मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. विक्रेत्याला फोन लावून विचारा, शेडमध्ये कडकनाथ होता का?

वानवडीची आजी:
पण मुली, कोंबडी तर तुझ्या अंगणात होती ना? मग कडकनाथ आला कुठून?

जनुकवेडा:
आजी, कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे सहज टिकतं, कधी तीनही. यांनी चौथ्या दिवसापासून अंडी जमवली. त्या वेळी नवरा नवा असला तरी पोटात शिल्लक जुनी होती.

वानवडीची आजी:
अगंबाई.

झुपकेवाली:
फोन केला. विक्रेता म्हणाला, "हो मॅडम, कडकनाथ त्याच शेडमध्ये होते, मग काय झालं? तेही काळेच असतात." यावर काय बोलायचं सांगा. भांडायचा सगळा जोर निघून गेला. आणि पिल्लू कुठल्या तारखेच्या अंड्यातलं ते बघावं म्हटलं, तर आईनं टरफलं कधीच झाडून टाकली होती.

मुळशीकर:
आता कोंबडी दोन महिने तुमच्याच कोंबड्याबरोबर आहे, म्हणजे जुनं सगळं संपलं. पुढची बॅच निर्धास्त बसवा. फक्त कुंपणाला वरून जाळी टाका, आज सुटलेला शेजारी उद्या आत येईल. आणि दोघांच्याही शेपटीखालची लव कात्रीनं बारीक करा. तिथे दाट गुंता असला की मिलन नीट होत नाही आणि अंडी रिकामी निघतात. तुमचं ते एक रिकामं अंडं त्यातलंच असू शकेल.

तिघांतल्या तलंगा (तरुण माद्या) निघतील त्या देऊ नका. याच कोंबड्यावर ठेवल्यात तर साधारण अर्धी पिल्लं लवेची येतील. नर-मादी मात्र इतक्यात विचारू नका. सिल्कीत पाच-सहा महिने भल्याभल्यांना कळत नाही, ही मिश्र असल्यामुळे थोडं आधी कळेल.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली का? पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात द्यायला हवा होता.

झुपकेवाली:
नाही दिली. पाच पिल्लांसाठी शंभर डोसची कुपी कोण फोडणार?

मुळशीकर:
सगळेच असं म्हणतात आणि मग एका रात्रीत पाच पिल्लं पुरतात. आसपास कोंबड्या पाळणारे चार जण गोळा करा, शेजारीही त्यात आले. कुपी बर्फात आणायची, कालवली की दोन तासांत संपवायची. उशीर झालाय, पण औंधच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जाऊन विचारा, या वयाला काय द्यायचं ते तिथले डॉक्टर सांगतील.

झुपकेवाली (सव्वा महिन्यानंतर):
लस झाली. शेजारचे काका स्वतःचा पिवळ्या पायाचा कोंबडा काखेत मारून आले होते, मला त्याच्याकडे बघवेना.

कोंबडी परत खुडूक बसली, या वेळी आठ अंड्यांवर. काल सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडात धरून पाहिली, सहांमध्ये लाल शिरांचं जाळं दिसलं, दोन कोरी. कातरलेल्या लवेचा उपयोग झाला का, हे दोन कोऱ्यांवरून ठरवता येत नाही. मोठ्या तिघांत एक बहुतेक कोंबडा आहे, पहाटे घसा साफ करायला लागलाय. सोसायटीतून पहिला फोन यायच्या आत कोणाला मोकळ्या शेतावर काळा, पाच बोटांचा, सरळ पिसांचा कोंबडा हवा असेल तर कळवा. कापणार नसाल तरच.