गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर वाढलेले वजन: पाणी की चरबी?

रानजाई

नमस्कार. माझे वय २९ आहे आणि मुलगी आता शाळेत जाऊ लागली आहे. दुसरे मूल आणखी काही वर्षे नको, असे आम्ही दोघांनी ठरवले आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी रोजची गर्भनिरोधक गोळी सुरू केली. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल (प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) आणि ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेन) आहे. पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या आहेत.

दुसरे पाकीट चालू असताना वजन ५८ किलोवरून ६० किलोच्या जवळ गेले. सकाळी अंगठी बोटातून निघत नाही, छाती जड वाटते आणि संध्याकाळी पायमोज्यांचे काठ घोट्यावर उमटलेले दिसतात. खाण्यात मी काहीच बदल केलेला नाही. विशेष म्हणजे लोहाच्या गोळ्या चालू झाल्या की तीन-चार दिवसांत अंग हलके होते, काटाही थोडा खाली येतो, आणि नवे पाकीट सुरू केले की पुन्हा तेच.

माझ्या जाऊबाई सरकारी दवाखान्यातून ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतात. त्यांचे वजन वर्षभरात बरेच वाढले, आणि ते उतरण्याची काही चिन्हे दिसत नाहीत. त्यामुळे घरात सगळ्यांचे म्हणणे असे पडले की ही औषधे शरीर फुगवतातच, तेव्हा गोळ्या लगेच बंद कर. मला हे जाणून घ्यायचे आहे की वाढलेले हे वजन पाण्याचे आहे की चरबीचे, ते असेच वाढत जाईल का, आणि जाऊबाईंचे व माझे कारण एकच आहे का?

निशिगंध

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे, कारण लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत वजन उतरते हे तुम्ही नीट टिपले आहे. एक किलो चरबी अंगावर चढायला शरीराच्या गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, आणि ती उतरायलाही तेवढीच तूट लागते. जे वजन चार दिवसांत येते आणि चार दिवसांत जाते, ते चरबीचे असू शकत नाही. ते पाणी आहे.

हे पाणी साठते कसे, ते थोडे सविस्तर सांगते. गोळीतील इस्ट्रोजेनमुळे यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात तयार करते. त्यातून सुरू होणाऱ्या साखळीच्या शेवटी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, ते मूत्रपिंडांना सोडियम राखून ठेवायला लावते, आणि सोडियममागोमाग पाणीही शरीरात राहते. नैसर्गिक पाळीच्या चक्रात बीजांडकोशातून येणारे प्रोजेस्टेरॉन अल्डोस्टेरॉनला काही प्रमाणात विरोध करते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलमध्ये मात्र हा गुण जवळजवळ नाही, त्यामुळे इस्ट्रोजेनच्या पाणी धरून ठेवण्याच्या प्रवृत्तीला आवर घालणारे कोणी उरत नाही. संप्रेरकांच्या गोळ्या थांबल्या की ही साखळी सैल होते, लघवी जास्त होते आणि अंगठी पुन्हा फिरू लागते.

असा फुगवटा बहुधा एक-दोन किलोंच्या आत राहतो आणि बऱ्याच स्त्रियांत पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर कमी होतो. एकत्रित संप्रेरकांच्या गोळ्यांनी वजन खरोखर वाढते का, यावर कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ४९ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील ज्या मोजक्या चाचण्यांत गोळी न घेणाऱ्या किंवा औषधविरहित गोळी घेणाऱ्या स्त्रियांशी तुलना होती, त्यांत दोन्ही गटांच्या वजनात गोळीमुळे पडलेला फरक आढळला नाही. पुरावा पुरेसा नाही हेही त्या आढाव्यात स्पष्ट नोंदवले आहे, पण मोठा परिणाम असता तर तो इतक्या चाचण्यांतून लपून राहिला नसता, असे त्याचे म्हणणे आहे आणि मला ते पटते.

गोळीचे हे नाव पूर्वीपासून खराब आहे, त्यालाही कारण आहे. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत मेस्ट्रॅनॉल या इस्ट्रोजेनचे प्रमाण १५० मायक्रोग्रॅम होते. तुमच्या गोळीत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आहे आणि काही गोळ्यांत ते २० असते. त्या काळातील स्त्रियांना झालेला त्रास खरा होता, पण त्यावरून आजच्या गोळीचा निर्णय करता येत नाही.

तुम्ही एवढेच करा: पाकिटातील एक ठरावीक दिवस निवडा, समजा दहावी गोळी, आणि त्याच दिवशी सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करा. बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेरही टेपने मोजून लिहून ठेवा. पुढच्या पाकिटाच्या दहाव्या गोळीच्या वजनाशी त्याची तुलना करा. पहिल्या आठवड्याचे वजन तिसऱ्या आठवड्याच्या वजनाशी ताडून पाहिले तर फक्त घबराट हाती लागते.

पायवाट

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि अंतराचे इंजेक्शन मी स्वतः देते, म्हणून जाऊबाईंविषयी लिहिते. त्यांचे आणि तुमचे कारण एकच नाही. अंतरामध्ये इस्ट्रोजेन अजिबात नसते. त्यात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असते, १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी स्नायूत. या औषधाने काही स्त्रियांना भूक जास्त लागते आणि वाढलेल्या वजनात चरबीचा वाटा मोठा असतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांचे वजन तीन वर्षांत सरासरी ५.१ किलोंनी वाढले होते, आणि त्यांतील ४.१ किलो चरबी होती. त्याच अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांचे वजन संप्रेरके न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले नव्हते. म्हणजे जाऊबाई सांगतात ते खरेच आहे. त्यांना कुणी ‘तुमचे खाणेच जास्त झाले असेल’ असे म्हणत असेल, तर तो त्यांच्यावर अन्याय आहे.

मात्र सर्वांचेच वजन वाढते असेही नाही. ज्या स्त्रीचे वजन पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वाढते, तिचे पुढेही वाढत जाण्याची शक्यता अधिक असते, असे दिसून आले आहे. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळचे वजन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाई दारात आली की आधी काट्यावर उभी करायची, रक्तदाब बघायचा, दोन्ही आकडे तिच्या कार्डावर लिहायचे आणि मगच इंजेक्शन भरायचे, असा माझा नियम आहे. ५० किलोंची बाई दोन इंजेक्शनांत ५३ झाली, तर तिसरे देण्यापूर्वी मी तिला समोर बसवून दुसऱ्या साधनांची माहिती देते. गर्दीच्या दिवशी हे वजन करणे राहून जाते, आणि मग वर्षाने बाई ‘माझे किती वाढले’ म्हणून विचारते तेव्हा सांगायला मूळ आकडाच नसतो. जाऊबाईंनी आपले कार्ड काढून पाहावे. वजन लिहिलेले नसेल, तर पुढच्या वेळी हक्काने लिहून घ्यावे.

त्यांना इंजेक्शन थांबवायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. दिलेले औषध शरीरातून काढून टाकता येत नाही, त्याचा अंमल आपोआप ओसरावा लागतो. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिनेही लागू शकतात. उलट काहींना लवकरही राहतात, त्यामुळे ठरलेली तारीख उलटण्यापूर्वीच दुसरे साधन सुरू करायला हवे. आमच्याकडे ‘इंजेक्शन सोडले, वजनाच्या धास्तीने’ म्हणून गेलेल्या बाया काही महिन्यांनी गर्भपाताची चौकशी करायला परत येतात, तेव्हा फार वाईट वाटते.

इंद्रधनू

निशिगंध यांचे स्पष्टीकरण पटले, पण सरासरीच्या आकड्यांबद्दल मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. शंभर जणींचे सरासरी वजन वाढले नाही, याचा अर्थ त्या शंभरांतील एकीचेही वाढले नाही असा होत नाही. माझ्या बाबतीत फुगवटा तीन महिन्यांनंतरही टिकून होता, आणि पहिल्या डॉक्टरांनी ‘गोळीने वजन वाढत नाही’ एवढे बोलून विषय संपवला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी ऐकून घेतले, रक्तदाब तपासला, थायरॉइडची चाचणी करून घेतली आणि मग ड्रोस्पिरेनोन असलेली गोळी दिली. हे प्रोजेस्टिन स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या जातकुळीतले आहे आणि ते अल्डोस्टेरॉनला विरोध करते, असे त्यांनी समजावून सांगितले. माझी सूज त्या गोळीवर उतरली. चरबीचे वजन मात्र त्या गोळीने कमी झाले नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

आणखी एक विनंती. सूज उतरवण्यासाठी मैत्रिणीने सुचवलेल्या लघवीच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका, आणि पाणी पिणे कमी करू नका. मला उपयोग झाला तो पानातले वरचे मीठ बंद करण्याचा आणि रोजच्या जेवणातून पापड, लोणचे, फरसाण कमी करण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी हवे. आपल्याकडे तेवढे मीठ आमटी-भाजी-भाकरीतूनच सहज पोटात जाते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. जाऊबाईंना पायवाट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आपल्या म्हणण्यावर कुणीतरी विश्वास ठेवला, याचेच त्यांना जास्त समाधान वाटले. त्यांच्या कार्डावर पहिल्या दोन वेळचे वजन लिहिलेले आहे आणि वाढ पाच टक्क्यांच्या बरीच वर आहे. त्यांना दोन मुले आहेत, तिसरे नको आहे, पण शस्त्रक्रियेची तयारी अजून नाही. त्यांनी पुढे कोणते साधन घ्यावे? आणि मी ड्रोस्पिरेनोनची गोळी आत्ताच मागून घ्यावी का?

निशिगंध

इंद्रधनू यांचा मुद्दा रास्त आहे. आढाव्यातील सरासरी आम्हा डॉक्टरांना मार्ग दाखवते, पण समोर बसलेल्या स्त्रीची सूज नाकारण्यासाठी ती वापरू नये.

रानजाई, तुमचे दुसरेच पाकीट चालू आहे, म्हणून तिसरे पाकीट संपेपर्यंत थांबावे असे मी सुचवेन, अर्थात रक्तदाब ठीक असेल तर. तो आजवर मोजला नसेल तर या आठवड्यात मोजून घ्या, कारण पाणी धरून ठेवणाऱ्या त्याच साखळीमुळे काही स्त्रियांचा रक्तदाबही वाढतो आणि तो काट्यावर दिसत नाही. ड्रोस्पिरेनोनने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर ती गोळी देत नाहीत. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीच्या तुलनेत तिच्यात रक्ताच्या गुठळीचा धोकाही थोडा अधिक आढळला आहे. म्हणून केवळ दीड-दोन किलोंसाठी घाईने गोळी बदलू नये. सूज टिकून राहिली तर जरूर विचारावे.

जाऊबाईंसाठी तांबी हा पर्याय मला सर्वांत सरळ वाटतो. कॉपर टी ३८० ए दहा वर्षे चालते, तिच्यात कोणतेही संप्रेरक नसते, त्यामुळे तिच्याने वजन वाढण्याचा प्रश्न येत नाही. पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी मात्र वाढू शकते, म्हणून हिमोग्लोबिन आधी पाहावे. गोळीच हवी असेल तर सरकारी दवाखान्यात ‘छाया’ मिळते. तिच्यातील सेंटक्रोमॅन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले आणि १९९१ मध्ये ‘सहेली’ या नावाने बाजारात आले. ते स्टेरॉइड संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ही गोळी घ्यायची असते. सुरुवातीला पाळी लांबते, हे आधी ठाऊक असले म्हणजे घाबरायला होत नाही.

शेवटी, कोणत्या सुजेसाठी थांबायचे नाही तेही सांगते. गोळीची सूज दोन्ही पायांवर सारखी असते, पाय वर करून झोपले की सकाळपर्यंत उतरते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली, किंवा अचानक धाप, छातीत दुखणे, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, दिसण्यात अडथळा असे काही झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि आपण कोणती गोळी घेतो ते तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावे. पाकीट सोबत न्यावे, कारण गडबडीत नाव आठवत नाही.

पायवाट

जाऊबाईंना तांबी बसवायची असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या तारखेपर्यंत थांबण्याची गरज नाही. दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून ती त्याआधीही बसवता येते, आणि इंजेक्शनचा अंमल चालू असेपर्यंत मध्ये एकही दिवस मोकळा जात नाही. जाताना अंतराचे कार्ड न्यावे. शेवटच्या डोसची तारीख त्यावर असते आणि वजनही त्याच वेळी पुन्हा करून घेता येते.