बॉबोलिंकला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न:
उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात ‘बॉबोलिंक’ सारखा येतो. मे महिन्यात गवतावर येऊन उतरणारा, उडता उडता गाणारा, चिमणीएवढाच किंवा किंचित मोठा पक्षी. ‘माळचंडोल’ असा शब्द केला तर चालेल का? शिवाय लेखात पुढे एकदम ‘राइसबर्ड’ येतो. तो हाच पक्षी की दुसरा?

उत्तर:
हाच. त्याकडे नंतर येतो, आधी चंडोल. तो नकोच. चंडोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मातकट रंगाचा, तुरेवाला पक्षी येतो. हवेत गाणं सोडलं तर दोघांत साम्य नाही. बॉबोलिंकचं कुळ इक्टेरिडी. हे कुळ फक्त अमेरिका खंडांतलं, आपल्याकडे त्यातला एकही पक्षी नाही. त्यामुळे नात्यातलं मराठी नाव उसनं घ्यायची सोयच नाही. (याच कुळातल्या तिकडच्या ‘ओरिओल’ला भाषांतरांत हळद्या करून टाकतात. हळद्याचं कुळ वेगळं आहे, पण सांगणार कोणाला!)

त्यातून हे नाव आलंय आवाजावरून. नराच्या खळखळत्या, किणकिणत्या गाण्यात लोकांना ‘बॉब ओ’ लिंकन’ ऐकू आलं, त्याचंच पुढे बॉबोलिंक झालं. आपण पावशाच्या तोंडी ‘पेरते व्हा’ घातलं, त्याच जातीचा प्रकार. असं नाव जसंच्या तसं ठेवावं. फक्त ‘बोबोलिंक’ लिहू नका, पहिला उच्चार ‘बॉ’ आहे.

मध्येच एक शंका:
भारीट का नको? चोच तशीच जाड, दाणे खातो, थव्याने पिकावर पडतो. मादी तर फोटोत हुबेहूब भारीट वाटते.

उत्तर:
वाटते खरी. इंग्रजीतही एके काळी त्याला भातावरचा भारीट अशा अर्थाचं नाव होतं. वर्णनात ‘मादी भारिटासारखी, तपकिरी रेघांची’ असं खुशाल लिहा, वाचकाला चित्र दिसेल. नाव म्हणून मात्र नको.

आता राइसबर्ड. गोंधळ होतो तो नराच्या पिसाऱ्यामुळे. विणीच्या दिवसांत तो पोटाकडून काळाभोर, पाठीवर पांढरे पट्टे आणि डोक्यामागे वाळल्या गवताच्या रंगाचा मोठा डाग. बहुतेक पक्ष्यांची पाठ गडद नि पोट फिकं असतं, याचं नेमकं उलटं. वीण संपली की पिसं झडतात आणि हाच नर मादीसारखा तपकिरी होतो, गाणंही थांबतं. अशा वेशात थवे दक्षिणेकडे निघाले की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांतल्या भातखाचरांवर तुटून पडत. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला राइसबर्ड म्हटलं. उत्तरेत कौतुकाचं नाव, दक्षिणेत तक्रारीचं! शास्त्रीय नावातही ती तक्रार आहे: डॉलिकोनिक्स ऑरिझिव्होरस, म्हणजे लांब नखांचा, भात खाणारा. डेलावेअर नदीकाठच्या पाणगवतात त्याला रीडबर्ड म्हणून मारत आणि खात. प्रवासासाठी अंगावर चरबी चढवलेली असते, म्हणून जमैकात तो बटरबर्ड. थांबतो कुठे, तर बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिनाकडे. वर्षाची जा-ये साधारण 20,000 किलोमीटर.

तेव्हा ‘भातपक्षी’ असा शब्द पाडू नका, वाचक त्याला दुसराच पक्षी समजेल. ‘दक्षिणेतले भातशेतकरी ज्याला राइसबर्ड म्हणत तो बॉबोलिंकच’ असं एकदा सांगा आणि पुढे सगळीकडे बॉबोलिंक चालवा.

प्रश्नकर्तीकडून:
पटलं. मग तो राहतो त्या जागेला ‘माळरान’ म्हणू ना?

उत्तर:
ताई, खरी काळजी इथेच घ्यायला हवी. माळरान म्हणजे कोरडं, खुरटं गवत. गायरान म्हणजे गुरं चरायला सोडलेली गावाची जमीन. बॉबोलिंकला हवं असतं उंच, दाट, कापणीसाठी राखलेलं गवत. त्याला आपल्याकडे सरळ ‘कुरण’ शब्द आहे. वाळवून साठवलेल्या गवताला ‘सुकं गवत’ किंवा ‘वैरण’ म्हणा. कडबा नको, तो ज्वारीचा.

हे शब्द चुकले तर लेखातला मुख्य मुद्दाच निसटेल. घरटं जमिनीवर, त्याच गवताच्या बुडाशी असतं. पिल्लं 10-11 दिवसांत घरट्याबाहेर पडतात, पण तेव्हा त्यांना उडता येत नाही, ती गवतातच लपून राहतात. जूनमध्ये कापणीचं यंत्र फिरलं की घरटं, अंडी, पिल्लं सगळं गेलं. आता गवत पूर्वीपेक्षा लवकर आणि हंगामात अनेकदा कापतात, म्हणून पक्षी घटले. अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू इंग्लंडमध्ये, ‘बॉबोलिंक प्रोजेक्ट’ देणग्या गोळा करून शेतकऱ्यांना कापणी लांबवण्याचे पैसे देतो, ते एवढ्याचसाठी. वाचकाच्या डोळ्यांसमोर माळरान असेल तर कापणी कसली आणि पैसे कशाचे, हे त्याला उमगायचं नाही.

आणखी एक, लिंगाबद्दल:
‘तो बॉबोलिंक’, ‘बॉबोलिंकची मादी’, अनेकवचनही ‘बॉबोलिंक’च. विभक्ती लागली की ‘बॉबोलिंकांचे थवे’. ‘बॉबोलिंक्स’ मराठीत नको.